सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवू का?

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून कापून देतोय:

"माझं घरगुती मसाल्यांचं छोटं काम आहे, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, उन्हाळ्यात कुरडया. ऑर्डरी सोशल मीडियावरच्या पेजवरून येतात. गेल्या आठवड्यात ते पेज कुणीतरी ताब्यात घेतलं आणि माझ्या नावाने गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले, दोघींनी पाठवलेसुद्धा. पेज परत मिळालं, पण तेव्हा लक्षात आलं की एकच पासवर्ड मी सगळीकडे लावला होता, मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. मुलगी आयर्लंडला असते, ती म्हणते पासवर्ड मॅनेजर घे. भाचा म्हणतो फुकटचं काही घेऊ नकोस. आणि आमचे हे, रिटायर तलाठी, म्हणतात की सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवल्या की चोराचं काम सोपं, त्यापेक्षा वही बरी. वही आहेच, कॅलेंडरमागे खिळ्याला टांगलेली. माझा फोन अँड्रॉइड, ह्यांना मुलीने आयफोन दिलाय, घरात एक जुना विंडोजचा कॉम्प्युटर आहे तो सगळे वापरतात, शेजारचा मुलगा पण शाळेच्या प्रोजेक्टला येऊन बसतो. कुठला घेऊ? ती कंपनीच हॅक झाली तर? मुख्य पासवर्ड विसरले तर? आणि उद्या माझं काही बरंवाईट झालं तर ह्यांना हे सगळं उघडता येईल का?"

ताई, आधी त्या दोघी गिऱ्हाइकांचं. त्यांना आजच्या आज १९३० वर फोन करायला सांगा, सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, आणि तक्रार ज्याचे पैसे गेले त्यानेच केलेली बरी. आठवडा झालाय, पहिल्या काही तासांत फोन केला असता तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त होती, पण तरी तक्रार नोंदवाच. तक्रारीचा नंबर हाताशी असला की बँकेत बोलताना उपयोग होतो.

आता मुद्द्याचं. पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारं ॲप, आणि ती तिजोरी एका मुख्य पासवर्डने, म्हणजे मास्टर पासवर्डने उघडते. त्यातलं तुमच्या घरासाठी माझं उत्तर आहे बिटवॉर्डन, आणि फुकटवालंच. भाच्याचं म्हणणं ९९ ठिकाणी बरोबर असतं, फुकट म्हटलं की आपणच माल असतो, पण इथे तसं नाहीये. ह्या कंपनीचं पोट पैसे देणाऱ्या ऑफिसांवर चालतं, प्रोग्रामचा कोड उघडा आहे म्हणजे जगात कुणालाही वाचून चुका काढता येतात, आणि फुकटच्या खात्यातही पासवर्ड कितीही आणि फोन-कॉम्प्युटर कितीही. तुमच्याकडे एक अँड्रॉइड, एक आयफोन, एक विंडोज, म्हणजे तिन्ही जातीची मंडळी एकाच घरात, आणि हे तिन्हीकडे सारखं चालतं. एवढ्यासाठीच मी गुगलचं किंवा ॲपलचं सुचवत नाहीये. ते वाईट आहेत असं अजिबात नाही, घरात सगळ्यांकडे अँड्रॉइडच असते तर मी म्हटलं असतं की गुगलचं आहे ना फोनमध्ये, तेच नीट वापरा आणि झोपा. ॲपलनेही २०२४ पासून आयफोनमध्ये पासवर्डचं वेगळं ॲप दिलंय, चांगलं आहे, पण ते तुमच्या अँड्रॉइडवर नाही ना येणार.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. वनपासवर्ड उत्तम आहे, पण कायमचं फुकट नाही, आणि दरवर्षी कार्डावरून डॉलरमध्ये पैसे कापले जाणार हे तुमच्या भाऊसाहेबांना (तलाठ्यांना आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील) कितपत रुचेल मला शंका आहे. कीपास पण फुकट, २००३ पासून आहे, त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल तुमच्याकडेच, कुठल्या कंपनीकडे नाही. ऐकायला एकदम छान वाटतं. फक्त ती फाइल फोनवरून कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटरवरून फोनवर ताजी ठेवायची, बॅकअप घ्यायचा, हे सगळं आपण करायचं. भाचा दर महिन्याला येऊन करणार असेल तर घ्या, पण तो लग्न होऊन बेंगळुरूला गेला की काय ह्याचा विचार करून घ्या.

भाऊसाहेबांच्या जुडग्याकडे वळू, कारण तो प्रश्न खरा आहे आणि "जुन्या माणसांना कळत नाही" म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. झालेलंच आहे तसं. लास्टपास नावाचं एक फार लोकप्रिय पासवर्ड मॅनेजर होतं, आहे अजून, त्यांच्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये चोर शिरले आणि डिसेंबरमध्ये कंपनीला सांगावं लागलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रतीच चोरीला गेल्यात. त्या प्रतींपर्यंत पोचले कसे, तर कंपनीच्या एका मोठ्या इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर बटणं टिपून घेणारा प्रोग्राम बसवला आणि त्याने टाइप केलेला मास्टर पासवर्डच उचलला. घरचा कॉम्प्युटर, ताई. लक्षात ठेवा, तुमच्या त्या जुन्या विंडोजबद्दल पुढे बोलायचंय.

पण चोरांच्या हाती नेमकं लागलं काय? पासवर्ड कुलूपबंद होते, ते कुलूप प्रत्येक ग्राहकाच्या मास्टर पासवर्डने लावलेलं आणि तो कंपनीकडे नसतोच. साइट्सचे पत्ते मात्र उघडे होते, म्हणजे कुणाचं खातं कुठल्या बँकेत आहे हे दिसत होतं, हे लास्टपासचं चुकलंच. मग ज्यांचा मास्टर पासवर्ड भक्कम होता त्यांची तिजोरी चोराच्या घरी पडून असली तरी बंद, आणि ज्यांनी "मुलीचं नाव आणि जन्मसाल" लावलं होतं त्यांचं काही खरं नाही, कारण प्रत चोराकडेच असल्यावर तो निवांत बसून कोटी कोटी अंदाज लावून बघू शकतो, ओटीपी नाही, तीन वेळा चुकलात म्हणून खातं बंद नाही, काही नाही. तेव्हा भाऊसाहेबांना माझं उत्तर असं की हो, जुडगा एक आहे आणि तो चोरीला जाऊ शकतो असं धरूनच चालायचं, म्हणून मग सगळा जोर त्या एका मास्टर पासवर्डवर. (आणि लास्टपास घेऊ नका.)

त्याच्या उलट आत्ता तुमचं जे झालंय ते बघा. तुमचं पेज कुणी डोकं लढवून फोडलं नसणार. बहुतेक असं झालं असेल की कुठल्यातरी शॉपिंग साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटला, आणि ती जोडी प्रोग्रामने शंभर ठिकाणी लावून बघितली, एक ठिकाणी लागली. आपल्याकडे बिगबास्केटचंच उदाहरण आहे, २०२० मध्ये त्यांच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेली, त्यात पासवर्डचे हॅश होते, म्हणजे दळलेले पासवर्ड समजा, पण दळण असं की सोप्या पासवर्डांचा मूळ दाणा परत ओळखता यायचा. तुम्ही मसालेवाल्या आहात, तुम्हाला कळेल, मिरची कुठली ते कुटल्यावरही जाणकाराला वासावरून सांगता येतं. तुमचा ईमेल अशा कुठल्या चोरीत सापडलाय का ते "हॅव आय बीन पोन्ड" ह्या साइटवर फुकट बघता येतं, ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केली, विश्वासाची आहे. तिथे फक्त ईमेल टाकायचा. दुसऱ्या कुठल्या साइटने "तुमचा पासवर्ड टाका, सेफ आहे का बघू" म्हटलं तर पळा.

म्हणजे जुडगा एक असणं हा धोका आहेच, पण तुमच्याकडे आजवर जुडगा नव्हता, एकच चावी होती आणि घर, दुकान, तिजोरी, कोठार सगळ्यांना तीच लागत होती. ते जास्त वाईट.

आता मास्टर पासवर्ड. इथे घाई करू नका, एक संध्याकाळ द्या. मोठ्या अक्षर-छोट्या अक्षर-आकडा-ॲट द रेट वगैरे नियम विसरा. ते नियम अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ मध्ये लिहिले आणि २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की पश्चात्ताप होतो, कारण लोक पासवर्ड भक्कम करत नाहीत, शेवटी फक्त १ आणि उद्गारचिन्ह लावतात. दर ३ महिन्यांनी बदला हाही त्यातलाच प्रकार, त्या संस्थेनेच नंतर काढून टाकला. भाऊसाहेबांना विचारा, ऑफिसात बदलायला लावायचे तेव्हा गणेश१ चा गणेश२ व्हायचा की नाही.

तुम्ही असं करा. भिशीच्या चिठ्ठ्या काढता ना, तसंच. दोघांनी मिळून २०० साधे मराठी शब्द लिहा, एका चिठ्ठीवर एक, खलबत्ता, टमटम, फणस, रविवार, चप्पल, तराळ, पोस्टमन, काहीही, फक्त घरच्यांची नावं नकोत. डब्यात घालून हलवा. एक चिठ्ठी काढा, शब्द लिहून घ्या, चिठ्ठी परत टाका, परत हलवा, असे ६ शब्द. जे येईल ते घ्यायचं, "हा नको, दुसरा काढू" करायचं नाही, कारण आपण निवडायला लागलो की सगळी गंमत गेली, माणूस निवडतो तेव्हा नेहमी तेच तेच निवडतो. अशा ६ शब्दांच्या किती जोडण्या होतात माहितीये, ६४ लाख कोटी, आणि ते सुद्धा चोराकडे तुमची २०० शब्दांची यादी आहे असं धरून. वर बिटवॉर्डन प्रत्येक अंदाजामागे चोराच्या कॉम्प्युटरला ६ लाख वेळा गणित करायला लावतं, आजकाल नवीन खात्यांना तेवढंच असतं. बसू दे बसतो तर.

हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आणि मध्ये स्पेस किंवा डॅश. आणि इथेच लोक अडकतात बरं का. खलबत्ता लिहिताना टी एक की दोन, शेवटी ए एक की दोन, आज तुम्ही एक लिहाल आणि दोन महिन्यांनी दुसरंच. म्हणून कागदावर शब्द मराठीत लिहू नका, जसा टाइप करणार तसाच एकेक अक्षर सुटं करून लिहा. पहिले दोन आठवडे बोटाने उघडायची सोय बंद ठेवा आणि रोज टाइप करा, सकाळी चहा ठेवला की एकदा. हाताला सवय लागली की मग बोट चालू करा, तरी आठवड्यातून एकदा टाइप करायचाच.

विसरलात तर? खरं उत्तर ऐकायचंय तर, कंपनी काही करू शकत नाही. फोन करून रडलात तरी नाही, कारण तो त्यांच्याकडे नाहीच. खातं पुसून नवीन सुरू करा, एवढंच सांगतील. ज्या फोनवर बोटाने उघडतंय तिथून एकेक पासवर्ड बघून वहीत उतरवता येतात, त्यामुळे विसरलात हे लक्षात आल्या आल्या त्या फोनवरून लॉगआउट करू नका, ॲप काढून परत टाकू तर अजिबात नका.

माझं स्वतःचं सांगतो, हसू नका. काही वर्षांपूर्वी माझा फोन पावसात गेला, छत्री होती पण फोन वरच्या खिशात, जाऊ दे. नवीन फोन घेतला, मास्टर पासवर्ड पाठ होता, टाकला, तर तो म्हणे आता ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड द्या. ऑथेंटिकेटर त्या भिजलेल्या फोनमध्ये. बरं, अशा वेळेसाठी रिकव्हरी कोड असतो, तो मी अगदी शहाण्यासारखा जपून ठेवला होता, कुठे, तर त्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये. कपाटाची चावी कपाटात आणि कपाट बंद. तीन दिवस कामं सोडून बसलो, शेवटी घरच्या एका जुन्या टॅबलेटवर चालू सापडलं म्हणून वाचलो.

तुमच्या बाबतीत हे असंच होऊ शकतं, फक्त ईमेलवरून. २०२५ पासून बिटवॉर्डनने सुरू केलंय की ज्याने टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय, माझ्या त्या ऑथेंटिकेटरसारखी) लावलेलं नाही त्याने नवीन फोनवरून उघडलं की ईमेलवर कोड जातो. चांगलंच आहे. पण तुमच्या ईमेलचा पासवर्ड कुठे, तर बिटवॉर्डनमध्ये! म्हणून ईमेलचा पासवर्ड हा दुसरा असा पासवर्ड जो कागदावर हवा. टू-स्टेप लावलंत, आणि लावाच, तर त्याचा रिकव्हरी कोड पण कागदावर. आणि खातं उघडताना कंपनी विचारते की डॉट कॉमवर ठेवू की डॉट ईयूवर, म्हणजे अमेरिकेत की युरोपात. मुलगी आयर्लंडला बसून खातं काढून देणार असेल तर ती सवयीने युरोप निवडेल, मग तुम्ही इथे डॉट कॉमवर लॉगिन करत बसाल आणि ते म्हणत राहील चुकीचा पासवर्ड, दोन्हीकडची खाती वेगळी असतात. काय निवडलं तेही त्या कागदावर लिहा.

तर झाला की नाही भाऊसाहेबांचा विजय, शेवटी कागदच आला. खरं सांगू का, त्यांची वही मला मनापासून आवडते, वहीला चीनमधून कुणी हॅक करत नाही. फक्त ती कॅलेंडरमागे टांगलेली नको, जिथे शेजारचा मुलगा येतो, गॅसवाला येतो, आणि चतुर्थी कधी ते बघायला सगळी गल्ली येते. आणि वहीला एक गोष्ट कधीच जमत नाही. पासवर्ड मॅनेजर साइटचा पत्ता बघून मगच पासवर्ड भरतो, बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट असली तर माणूस फसतो, हा गप्प बसतो. तो गप्प बसला की आपण थांबायचं.

आता ह्यातही एक भारतीय मेख आहेच. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन ह्या पत्त्यावर जायला सांगितलं, त्यामुळे जुना पत्ता सेव्ह केलेला असेल तर खऱ्या बँकेच्या साइटवरही तो गप्प बसेल. अशा वेळी "काहीतरी बिघडलंय" म्हणून पासवर्ड कॉपी करून चिकटवू नका, आधी वरच्या पत्त्यात साइटचं नाव, म्हणजे त्यापुढच्या तिरक्या रेघेआधीचा भाग, डॉट बँक डॉट इन ने संपतोय ना ते बघा, स्वतः टाइप करून आलाय का मेसेजमधल्या लिंकवरून ते आठवा, सगळं ठीक असेल तर मॅनेजरमध्ये नवीन पत्ता घाला. काही बँका पासवर्ड चिकटवूच देत नाहीत, सुरक्षेच्या नावाखाली, का ते देवाला माहीत. तिथे फोनवर बघून हाताने टाइप करायचा, म्हणून बँकेचा पासवर्ड मॅनेजरकडून बनवून घेताना सरमिसळ चिन्हांचा नको, थोडा वाचता येण्यासारखा घ्या. यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन मी ह्यात ठेवत नाही, तुम्हीही नका ठेवू, ते डोक्यातच.

त्या जुन्या विंडोजवर बिटवॉर्डन टाकूच नका असं माझं मत. मुलगी रागावेल, म्हणेल ब्राउझरमध्ये किती सोपं पडतं. पण जिथे शेजारचा मुलगा गेम डाउनलोड करतो (प्रोजेक्ट म्हणे) तिथे मास्टर पासवर्ड टाइप करायचा म्हणजे त्या लास्टपासच्या इंजिनिअरची गोष्ट परत. जीएसटीचं काम तिथे करावं लागत असेल तर मुलासाठी विंडोजमध्ये वेगळा युजर काढा, भाच्याला १० मिनिटांचं काम आहे, आणि पासवर्ड फोनवर बघून टाइप करा. क्रोममध्ये आधीच सेव्ह झालेले पासवर्ड असतील ते आधी फोनवर हलवा आणि मग तिथून पुसा. हलवताना एक्सपोर्ट केलंत तर जी फाइल तयार होते त्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, काम झाल्यावर ती डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले असतील तर तेही.

सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायला बसू नका, वैतागून सोडून द्याल. पहिल्या दिवशी फक्त ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग पेज, मग बँक, जीएसटी. उरलेलं, वीजबिल, रेल्वे, सातबारा, गॅस, जेव्हा जेव्हा लॉगिन कराल तेव्हा एकेक. जे तुम्ही आणि भाऊसाहेब दोघं वापरता ते फुकटच्या खात्यातही दोघांना मिळून ठेवता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, तुम्ही शेवटी लिहिलात पण मला वाटतं मनात तोच पहिला होता. बिटवॉर्डनमध्ये इमर्जन्सी ॲक्सेस म्हणून सोय आहे, तुम्ही मुलीचं नाव देता, तिने मागणी केली की तुम्ही ठरवलेले दिवस वाट बघतात, तेवढ्यात तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर तिला उघडतं. ह्याला मात्र तुमचं खातं पैसेवालं लागतं, तिचं फुकट चालतं. पुढच्या वर्षी जमलं तर घ्या. आत्तासाठी कागदच. एका पानावर, बिटवॉर्डनचा ईमेल, डॉट कॉम की डॉट ईयू, सहा शब्द सुटी अक्षरं करून, रिकव्हरी कोड, ईमेलचा पासवर्ड, फोनचा पिन. दोन प्रती, एक घरच्या कपाटात दागिन्यांच्या डब्यात, एक बँकेच्या लॉकरमध्ये.

पण पान डब्यात ठेवायच्या आधी ते भाऊसाहेबांच्या हातात द्या, सोबत त्यांचा आयफोन, आणि म्हणा आता ह्यावरून माझं खातं उघडून वीजबिलाचा पासवर्ड शोधून दाखवा. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या निवडा. त्यांनी हाक मारली तर उत्तर द्यायचं नाही, फक्त कुठल्या ओळीपाशी अडले ते मनात ठेवायचं आणि रात्री ती ओळ परत लिहायची.